सुट्टीत ‘काहीतरी सोशल’ करायचंय? दहावी-बारावीच्या मुलामुलींसाठी स्वयंसेवेची वाटचाल

एप्रिल उजाडला की संस्थांचे फोन वाजू लागतात. “मुलीची दहावी झाली, दोन महिने मोकळी आहे, काही सोशल वर्क असेल तर सांगा ना.” फोन बहुतेक वेळा आईचा किंवा बाबांचा असतो आणि लगेच पुढचा प्रश्न येतो, “सर्टिफिकेट मिळेल ना?”

मिळतं. पण हा लेख फोन करणाऱ्या आईबाबांसाठी नाही, त्या मुलीसाठी आहे. तिला आधी एवढंच सांगेन: चौदा ते सतरा या वयात खरं काम घरापासून सायकलच्या अंतरावर मिळतं. परदेशातलं बहुतेक काम अठरा पूर्ण झाल्यावर सुरू होतं. त्याआधी ‘परदेशात व्हॉलंटिअरिंग’ म्हणून जे विकलं जातं, त्यात सहल जास्त आणि काम कमी. म्हणून आधी घराजवळ, मग शिबिर, मग परदेश, या क्रमाने जा.

पायरी १: वेळ मोजा, वयाची अट बघा

संस्थेला दोन महिने रोज येणाऱ्यापेक्षा वर्षभर दर शनिवारी दोन तास येणारा जास्त उपयोगी पडतो. वस्तीतल्या अभ्यासिकेतल्या मुलाला एखादी ताई आवडायला लागते आणि पंधरवड्यात ती गायब होते, असं दर मे महिन्यात होतं. त्याने पोरांचं काही भलं होत नाही. तेव्हा क्लास, प्रॅक्टिकल, घरची कामं धरून आठवड्याचे खरोखर किती तास उरतात ते आधी कागदावर मांडा. दोन उरले तर दोनच सांगा.

काही कामं तुमच्या वयात करताच येत नाहीत. रक्तदानाला अठरा वर्षं पूर्ण आणि वजन किमान ४५ किलो लागतं. मात्र शिबिरात नोंदणीच्या टेबलावर बसणं, रक्त दिल्यावर लगेच निघू पाहणाऱ्या काकांना बिस्किट-चहा देऊन थोडा वेळ बसवून ठेवणं ही कामं सोळा वर्षांचा मुलगा उत्तम करतो. साप पकडायला जाऊ नका. त्यात जीवाचा धोका आहे, शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहे. साप दिसला तर लांब राहून वनविभागाला कळवा. पुराच्या पाण्यातही उतरू नका. २०१९ साली सांगली-कोल्हापुरात आणि २०२१ साली चिपळुणात महापूर आला, तेव्हा मदतीचा ओघ प्रचंड होता आणि तो लावून घ्यायला माणसं कमी पडत होती. आलेलं सामान निवडणं, मापाप्रमाणे कपडे लावणं, औषधांच्या मुदतीच्या तारखा बघणं, याद्या करणं हे तुमच्या वयाचं काम. फाटके कपडे बाजूला काढायलाच किती हात लागतात, हे गोदामात उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

पायरी २: शाळा-कॉलेजात काय चालतं ते आधी विचारा

अकरावीत प्रवेश घेतलाय? मग कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजनेचं, म्हणजे एनएसएसचं युनिट आहे का, ते पहिल्याच महिन्यात विचारा. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ही योजना देशातल्या ३७ विद्यापीठांत सुरू झाली. आता बऱ्याच कनिष्ठ महाविद्यालयांतही आहे. वर्षाला १२० याप्रमाणे दोन वर्षांत २४० तास काम आणि दत्तक गावात सात दिवसांचं एक निवासी शिबिर, असा तिचा हिशेब. कार्यक्रम अधिकारी म्हणजे तुमच्यापैकीच कुणीतरी सर किंवा मॅडम असतात. ते हौशी असले तर दोन वर्षं मजेत जातात. नसले तर रॅलीत फलक धरण्यापलीकडे काही घडत नाही. सीनियर मुलांना विचारलं की खरं काय ते कळतं.

शाळेत असाल तर स्काउट-गाइड, ज्युनियर रेडक्रॉस, किंवा रोटरीचा इंटरॅक्ट क्लब. इंटरॅक्ट १२ ते १८ वयोगटासाठी असतो. केंद्र सरकारचं ‘माय भारत’ हे पोर्टल ऑक्टोबर २०२३ मध्ये सुरू झालं. त्यावर १५ ते २९ वयाच्या कुणालाही नोंदणी करून आपल्या जिल्ह्यातले उपक्रम बघता येतात. शाळेत ‘इंटरनॅशनल अवॉर्ड फॉर यंग पीपल’ हा मुलांसाठीचा पुरस्कार-उपक्रम असेल तर तोही चांगला आहे. त्याच्या ब्राँझ पातळीला चौदाव्या वर्षापासून बसता येतं आणि त्यात आठवड्याला साधारण तासभर सेवा निदान तीन महिने सलग करावी लागते. हे ‘सलग’ मला आवडतं.

पायरी ३: तुमच्याच वयाला मिळणारं काम घ्या

आता एका कामाबद्दल जरा सविस्तर सांगतो. शहरातल्या मुलांना ते सुचतही नाही आणि मोठ्यांना ते करताच येत नाही. ते म्हणजे दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक होणं. मुलं याला सरळ ‘रायटर’ म्हणतात.

बोर्डाच्या परीक्षेत लेखनिक हा परीक्षार्थीपेक्षा खालच्या इयत्तेतला असावा लागतो. दहावीच्या मुलाला नववीतला किंवा त्याखालचा, बारावीच्या मुलीला अकरावीतली. म्हणजे शिकलेली काकू, निवृत्त प्राध्यापक, इंजिनिअर दादा सगळे बाद. फक्त तुम्ही पात्र. आणि नेमकं फेब्रुवारी-मार्चमध्ये तुमचीही वार्षिक परीक्षा तोंडावर असते, म्हणून पालक नको म्हणतात आणि दरवर्षी लेखनिकांची शोधाशोध होते. आपल्या परीक्षेचं वेळापत्रक समोर ठेवून दोन-तीन पेपर घेतले तरी पुरे. सगळे पेपर एकानेच लिहायला हवेत असं नाही.

याची तयारी अशी करा. जवळची अंधशाळा, राष्ट्रीय अंध संघ म्हणजे नॅब, पुण्यात असाल तर निवांत अंध मुक्त विकासालय किंवा पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, यांपैकी कुठेतरी डिसेंबरच्या आत नाव कळवा. परीक्षार्थीची शाळा बोर्डाकडे अर्ज करते. त्यासाठी तुमचा फोटो, शाळेचं ओळखपत्र, बोनाफाईड आणि पालकांची संमती लागते. नियमांत अधूनमधून फेरफार होतात, म्हणून त्या वर्षीचं परिपत्रक शाळेकडून बघून घ्या.

मग त्या मुलासोबत निदान दोन सराव पेपर लिहा, कारण यातली खरी अडचण अक्षराची नसून ऐकण्याची असते. प्रश्न पूर्ण वाचायचा, गुण सांगायचे, पर्याय असतील तर तेही सांगायचे आणि थांबायचं. तो सांगेल तेच, तसंच लिहायचं. त्याचं वाक्य चुकलं तरी सुधारायचं नाही, उत्तर तुम्हाला येत असलं तरी ते आवाजातून जाणवू द्यायचं नाही. तो विचारेल, “मागच्या ओळीत काय लिहिलं?” तेव्हा वाचून दाखवायचं. गणितात “एक्स अधिक तीनचा वर्ग” म्हणजे वर्ग फक्त तीनचा की कंसाचा, ते सरावातच ठरवून ठेवायचं. तासाला वीस मिनिटं जादा वेळ मिळतो, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. पाण्याची बाटली न्या, दोन पेनं जास्त न्या, आणि हात दुखणार हे धरून चला.

एकदा पेपर घेतला की मागे फिरायचं नाही. तुम्ही आदल्या रात्री “ताप आलाय” कळवलं, तर त्या मुलाचं वर्ष पणाला लागतं. खरंच आजारी पडलात तर काय, म्हणून बदली लेखनिकाचं नाव आधीच देऊन ठेवतात. ते आहे ना, याची खात्री करून घ्या.

घरबसल्या आणि गल्लीतल्या गल्लीत

सोसायटीतल्या आजी-आजोबांना स्मार्टफोन शिकवणं हे काम दिसतं सोपं, पण त्याला एक पथ्य आहे: फोन त्यांच्याच हातात राहू द्या. तुम्ही हिसकावून फटाफट चार बटणं दाबलीत तर काम होतं, शिकवणं होत नाही. पिन टाकायची वेळ आली की तोंड फिरवा, आणि ओटीपी कुणालाही, अगदी तुम्हालाही, सांगायचा नाही हे पहिल्याच दिवशी शिकवा. मोठ्या अक्षरांत एका कागदावर पायऱ्या लिहून फ्रिजवर लावून दिल्या तर पुढच्या आठवड्यात तोच प्रश्न पुन्हा येत नाही. (येतो. पण कमी वेळा.)

पक्ष्यांची आवड असेल तर फेब्रुवारीत चार दिवस ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ असतो. किमान पंधरा मिनिटं एका जागी उभं राहून दिसलेले पक्षी मोजायचे आणि ‘ई-बर्ड’ या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंदवायचे. गच्चीवरून कावळे, साळुंक्या, बुलबुल मोजले तरी ती नोंद धरली जाते. झाडांसाठी ‘सीझनवॉच’ हा असाच नोंदींचा उपक्रम आहे: एकच झाड निवडून दर आठवड्याला पालवी, मोहोर, फळं यांची नोंद ठेवायची. मराठी विकिपीडिया २००३ सालच्या महाराष्ट्र दिनापासून सुरू आहे. आपल्या तालुक्याच्या पानावर संदर्भासह चार ओळी घालायला पदवी लागत नाही. टोपणनावाने खातं उघडा आणि कुठूनही उचलून चिकटवू नका, काढून टाकतात.

गणपतीत विसर्जन घाटावर निर्माल्य गोळा करायला गटाने जा, एकट्याने नको. कोकणात वेळासला कासवांची पिल्लं समुद्रात जाताना बघणं सुंदर आहे, जरूर जा. फक्त त्याला स्वयंसेवा म्हणू नका. काम गावकरी करतात, आपण पाहुणे असतो.

पायरी ४: संस्थेला पहिला निरोप

“मला काहीतरी करायचंय” या निरोपाला उत्तर मिळत नाही, कारण त्यावर काय उत्तर द्यावं हे समोरच्यालाही कळत नाही. असं लिहा:

“नमस्कार ताई, मी अकरावी सायन्सला आहे, वय सोळा. राहायला कोथरूडला. दर शनिवारी दुपारी तीन ते पाच येऊ शकेन, जूनपासून फेब्रुवारीपर्यंत. मला मराठी आणि गणित शिकवायला आवडेल, पण पुस्तकं लावणं, टायपिंग यांपैकी काहीही चालेल. आईची परवानगी आहे, तिचा नंबर देते. भेटायला कधी येऊ?”

संस्थांमध्ये सगळेच ताई-दादा असतात, त्यामुळे ‘रिस्पेक्टेड सर/मॅडम’ची गरज नाही. दोन-तीन दिवस उत्तर आलं नाही तर फोन करा. दुर्लक्ष झालेलं नसतं, माणसं कामात असतात.

जाण्याआधी संस्था नोंदणीकृत आहे का ते बघा. धर्मादाय आयुक्तांकडचा नोंदणी क्रमांक विचारला तर चांगल्या संस्थेला राग येत नाही. सरकारच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवरही शोधता येतं. आणि हे प्रश्न विचाराच: मी आल्यावर माझ्यासोबत मोठं कोण असेल? काम संपल्यावर तासांचं पत्र मिळेल का? माझ्याकडून पैसे घेणार का?

शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. हल्ली ‘सोशल इंटर्नशिप’ नावाचा एक प्रकार निघालाय. फॉर्म भरला की ऑफर लेटर येतं, मग एक लिंक येते आणि काम एकच असतं: मामा-मावशी, शेजारी, ट्यूशनच्या बाई यांच्याकडून देणग्या गोळा करणं. अमुक रक्कम जमली की प्रमाणपत्र. ही वर्गणी झाली, यात तुम्ही काही शिकत नाही. सिग्नलवर डबा घेऊन उभं करत असतील तर सरळ घरी या.

पायरी ५: पहिल्या दिवशी

साधे कपडे, चालायला सोयीच्या चपला, डबा, पाणी. वेळेवर जा. पहिले दोन-तीन आठवडे फक्त बघा आणि सांगतील ते करा. सतरंज्या घालणं हेही कामच आहे.

मुलांसोबत काम असेल तर बंद खोलीत एकट्या मुलासोबत बसू नका, दार उघडं ठेवा. आपला नंबर, इन्स्टा त्यांना देऊ नका. खाऊ, भेटवस्तू परस्पर आणू नका, ताईंना विचारा. फोटोची तर फारच काळजी घ्या. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला बाल न्याय कायद्याच्या ७४व्या कलमाने मनाई आहे आणि तुमची स्टोरी त्याला अपवाद नाही. एखाद्या मुलाने त्रास होत असल्याचं सांगितलं, तर “कुणाला सांगणार नाही” असं वचन देऊ नका. त्याच दिवशी संस्थेतल्या जबाबदार व्यक्तीला सांगा. तिथे कुणी ऐकत नसेल तर चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ हा नंबर आहे, आणि हाच नंबर तुमच्यासाठीही आहे. संस्थेतल्या कुणाचं वागणं खटकलं तर घरी सांगा, जाणं बंद करा. कारण देत बसायची गरज नाही.

एका वहीत तारीख, तास आणि काय केलं त्याची एक ओळ लिहीत जा, दर महिन्याला ताईंची सही घ्या. पुढे अर्जात, मुलाखतीत हीच वही बोलते.

पायरी ६: घराबाहेर आठवडाभर

शनिवारचं काम अंगवळणी पडलं की निवासी शिबिर करा. चंद्रपूर जिल्ह्यात मूल तालुक्यातल्या सोमनाथला बाबा आमटे यांनी १९६७ साली सुरू केलेली श्रमसंस्कार छावणी दर मे महिन्यात भरते. सकाळी श्रमदान, दुपारी व्याख्यानं आणि गटचर्चा, रात्री गाणी. चंद्रपूरचा मे म्हणजे काय हे विदर्भाबाहेरच्यांना कळायला एक दुपार पुरते: टोपी, मोठा रुमाल, दोन बाटल्या आणि मीठ-साखरेची पुडी असू द्या. वयाची अट आणि अर्जाची मुदत त्या वर्षीच्या पत्रकात असते. मार्चपासून लक्ष ठेवा. अठरा पूर्ण झाल्यावर गडचिरोलीच्या ‘सर्च’ संस्थेच्या ‘निर्माण’ उपक्रमासाठी अर्ज करता येतो. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी २००६ साली तो सुरू केला. निवड होऊन प्रवेश मिळतो, अर्जातले प्रश्न विचार करायला लावणारे असतात, एका रात्रीत भरू नका.

परदेशात जायचंय तर

अठराखाली असाल तर दोनच वाटा बऱ्या वाटतात, आणि दोन्ही खरं तर विद्यार्थी देवाणघेवाणीच्या आहेत. रोटरी यूथ एक्स्चेंज साधारण १५ ते १९ वयासाठी असतं. विमानभाडं, विमा, व्हिसा आपला, राहणं-जेवण तिथल्या कुटुंबाकडे. आणि बहुधा आपल्या घरीही तिकडचं मूल येतं, तेव्हा आजीची संमती आधी घ्या. दुसरी एएफएस. पहिल्या महायुद्धात जखमींना वाहून नेणाऱ्या अमेरिकी स्वयंसेवकांच्या रुग्णवाहिका पथकातून ही संस्था उभी राहिली आणि १९४७ पासून शाळकरी मुलांची देवाणघेवाण करू लागली. तिच्यामार्फत चालणाऱ्या ‘येस’ शिष्यवृत्तीत अमेरिकेतल्या वर्षात समाजसेवेचे तासही असतात. या दोन्हींची तयारी वर्ष-दीड वर्ष आधी सुरू होते.

अनाथाश्रमात पंधरा दिवस ‘मुलांना प्रेम द्यायला’ नेणारी पॅकेजं मात्र घेऊ नका. नेपाळ आणि कंबोडियात अशा पाहुण्यांच्या पैशांवर अनाथाश्रम वाढले आणि त्यांतल्या अनेक मुलांचे आईवडील हयात असल्याचं उघड झालं. पाहुणे येतात म्हणून मुलं घरापासून तोडली जातात, यापेक्षा वाईट सेवा कोणती?

अठरा झाल्यावर दारं उघडतात. संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात, ऑनलाइन कामासकट, किमान वय अठरा आहे. दोन-तीन आठवड्यांच्या आंतरराष्ट्रीय कामशिबिरांची परंपरा जुनी आहे. पिएर सेरेसोल या स्विस इंजिनिअरने १९२० साली फ्रान्समध्ये व्हर्दांजवळ, युद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात पहिलं शिबिर भरवलं. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली, आणि १९३४ च्या बिहार भूकंपानंतर सेरेसोल स्वतः इथे घरं बांधायला आला होता. बहुतेक शिबिरांना अठरा पूर्ण लागतात. राहणं-जेवण तिथे मिळतं, प्रवास आणि नोंदणी शुल्क आपलं.

पुण्यात जर्मन शिकणारी मुलं ढिगाने आहेत, त्यांच्यासाठी जर्मनीतलं ‘एफएसजे’ किंवा ‘बीएफडी’ हे स्वयंसेवेचं वर्ष खरंच विचार करण्याजोगं आहे. वृद्धाश्रम, बालवाडी, दिव्यांगांच्या संस्था, रुग्णालयं अशा ठिकाणी साधारण वर्षभर पूर्णवेळ काम असतं. खर्चायला पैसे मिळतात, बऱ्याच ठिकाणी राहण्याची सोयही होते. जर्मन मात्र बोलता आलं पाहिजे, कारण आजोबांना अंघोळीला नेताना परीक्षेतलं व्याकरण कामाला येत नाही. जागा मिळवून देतो म्हणून लाखांत पैसे मागणारे एजंट इथे फार आहेत. संस्थांना स्वतः ईमेल लिहा, त्या उत्तर देतात.

व्हिसाचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. पर्यटक व्हिसावर काम, मग ते बिनपगारी का असेना, अनेक देशांत चालत नाही. ब्रिटनमध्ये व्हिजिटर व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत जास्तीत जास्त ३० दिवस स्वयंसेवा चालते, त्यापुढे वेगळा व्हिसा आणि अठरा पूर्ण. पासपोर्ट काढायचा असेल तर पंधरा ते अठरा वयात दहा वर्षांचा मागता येतो, नाहीतर अठराव्या वर्षी पुन्हा रांग. एकट्याने प्रवास असेल तर दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतीपत्र आणि वैद्यकीय विमा सोबत ठेवा.

परदेशात वाढलेल्या मराठी मुलांसाठी थोडं

कॅनडात ओंटारिओमध्ये बारावी पास व्हायला ४० तास समाजसेवा लागते, अमेरिकेत मेरिलँडमध्ये ७५. महाराष्ट्र मंडळांच्या शनिवार-रविवारच्या मराठी शाळांना मदतनीस लागतातच. तुमचं मराठी अडखळत असलं तरी बाराखडी गिरवणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही. हे तास धरले जातील का, ते आधी शाळेच्या समुपदेशकाला विचारून घ्या.

उन्हाळ्यात आजोळी येऊन काम करायचं असेल तर भारताच्या ई-टुरिस्ट व्हिसावर जास्तीत जास्त एक महिना, कोणताही मोबदला न घेता स्वयंसेवा करता येते. तारखा मात्र जपून निवडा. महाराष्ट्रातल्या शाळा मेअखेरीस बंद असतात, जूनच्या मध्यावर उघडतात आणि विदर्भात त्याहून उशिरा. जूनच्या पहिल्या आठवड्यात आलात तर शिकवायला मुलंच नसतील. जुलैत या, छत्री घेऊन.